'रणांगण' कुणाचं? एकाच नावाची पुस्तकं, नाटकं, सिनेमे आणि गाणी

कोपरखैरण्याच्या एका मुलानं प्रश्न विचारलाय. त्यानं पहिली कादंबरी लिहून संपवली, नाव ठेवलं 'रणांगण', आणि मग मित्राकडनं कळलं की या नावाची कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा पण येऊन गेलाय. आता त्याला कळेना की हे नाव ठेवलं तर कोणी केस करेल का, एकाच नावाच्या इतक्या गोष्टी मुळात होतातच कशा, आणि नाव बदलावं की तसंच राहू द्यावं. मी ठाण्यात नौपाड्यात वाचनालयात काम करते, आधी देवघेवीच्या काउंटरवर आणि नंतर कॅटलॉगला, आयुष्यातली बरीच वर्षं यातच गेलीत आणि सारख्या नावांचा गुंता सोडवणं हे आमचं रोजचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. नुसत्या नावावर आपल्याकडे कॉपीराइट नसतो, त्यामुळे केसच्या भीतीनं नाव बदलायची गरज नाही. पण तरीही माझा सल्ला नाव बदला असाच आहे, आणि त्याचं कारण कायद्यात नाहीये, वाचकात आहे. ते शेवटी सांगते कारण त्याआधी बाकीचं कळलं तर तुम्हालाच ते पटेल.

ठाण्यात रिक्षात बसून नुसतं 'साईकृपा बिल्डिंग' सांगून बघा, रिक्षावाला लगेच विचारणार कुठली, चरईतली की वर्तकनगरची की कळव्याची. पुस्तकाच्या नावाचं अगदी तसंच आहे, नावानं फक्त अर्धा पत्ता कळतो. उरलेला अर्धा म्हणजे कोणाचं, कशाचं आणि कधीचं. काउंटरवर कोणी 'रणांगण आहे का हो' म्हणून आलं तर मी आधी 'कोणाचं' विचारते, आणि निम्म्या लोकांना ते माहीत नसतं, कारण त्यांनी फक्त नाव ऐकलेलं असतं.

आता 'रणांगण'च घ्या. विश्राम बेडेकरांची कादंबरी 1939 ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, बोटीवर नाझींच्या जाचातून सुटलेले ज्यू, चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हेर्टा नावाची जर्मन ज्यू मुलगी, त्या थोड्या दिवसांच्या प्रवासात जे होतं ते. आकारानं लहान पुस्तक आहे, दोन बैठकांत वाचून होतं, पण मराठीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात आणि बरोबर घेतात. मग विश्वास पाटलांचं 'रणांगण' हे नाटक, ते त्यांच्याच 'पानिपत' कादंबरीवरून आलेलं, वामन केंद्रेंनी बसवलेलं, म्हणजे विषय 1761 चं युद्ध. आणि 2018 ला स्वप्नील जोशीचा 'रणांगण' सिनेमा आला, त्याचा बेडेकरांशी काही संबंध नाही आणि पानिपताशीही नाही. तिन्ही मराठी, तिन्हींचं नाव अक्षर न् अक्षर सारखं, आणि तिघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. सिनेमा बघून कोणी पुस्तक मागायला येतं, त्यांना बेडेकरांचं पुस्तक हातात दिलं तर ते घरी जाऊन बोटीवरची गोष्ट वाचतात आणि चुकीचं पुस्तक दिलं म्हणून परत आणतात, काही जण मात्र ते वाचून इतके भारावतात की बेडेकरांचं आणखी काय आहे असं विचारत येतात, तेव्हा मी त्यांचं आत्मचरित्र 'एक झाड आणि दोन पक्षी' हातात ठेवते.

तर सारखं नाव दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, या दोघांत नातं आहे की नाही. लोक गृहीत धरतात की असणारच. 'धग' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला वाटतं. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 ची, विदर्भातल्या कौतिक नावाच्या बाईची, तिचा संसार ओढायचा झगडा, ती भाषा, काय कादंबरी आहे ती. आणि 2012 चा शिवाजी लोटन पाटलांचा 'धग' सिनेमा, त्यात स्मशानात प्रेतं जाळायचं काम करणाऱ्या घरातला मुलगा आहे ज्याला ते काम करायचं नाहीये, उषा जाधवला त्यासाठी अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दिग्दर्शनाचाही याच सिनेमाला मिळाला. पुरस्कार जाहीर झाले की आपल्याकडे बरेच जण लगेच लिहून टाकतात की शेळक्यांच्या कादंबरीवरचा सिनेमा, आणि मग तेच पुढे पुढे फिरत राहतं. दोन्ही कलाकृती आपापल्या जागी भक्कम आहेत पण एक दुसरीतनं आलेली नाही. कृपा करून कुठेही लिहिण्याआधी सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'यांच्या कादंबरीवर आधारित' असं आहे का ते बघा, तेवढं एक केलं तरी निम्म्या चुका टळतील.

'मृत्युंजय' म्हटलं की मराठी माणसाला शिवाजी सावंतच आठवणार, 1967 ची कादंबरी, कर्ण. पण आसामीत बीरेंद्रकुमार भट्टाचार्यांची 'मृत्युंजय' आहे, 1970 ची, 1942 च्या आंदोलनातल्या आसामातल्या क्रांतिकारकांवर, लष्कराची रेल्वे उलटवायचा कट आणि त्यातली माणसं, आणि या लेखकाला 1979 चा ज्ञानपीठ मिळाला. आता कोणी हिंदीत किंवा इंग्रजीत 'मृत्युंजय, ज्ञानपीठ' असं शोधतं आणि सावंतांना ज्ञानपीठ मिळाला असं ठोकून देतं. सावंतांना मिळाला तो मूर्तिदेवी पुरस्कार, तो भारतीय ज्ञानपीठ या संस्थेकडूनच दिला जातो म्हणून घोळ अजूनच वाढतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आमच्याकडे अभ्यासिकेत बसतात, त्यांच्या नोट्समध्ये हे मी कितीदा दुरुस्त करून दिलंय.

'युगान्त'चं पण असंच. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' म्हणजे महाभारतातल्या व्यक्तींवरचे लेख, 1967 चं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी. महेश एलकुंचवारांचं 'युगान्त' म्हणजे 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' यानंतरचं तिसरं नाटक, धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्याची गोष्ट जिथे संपते ते. आणि अपर्णा सेन यांचा 1995 चा बंगाली सिनेमा 'युगान्त', नवरा-बायकोच्या तुटत आलेल्या नात्यावरचा. एम.ए. ची मुलं घाईत येतात, रॅकवरनं 'युगान्त' उचलतात आणि नाटकाचा पेपर असताना कर्व्यांचं घेऊन जातात. आणि यात स्पेलिंगची भर, कोणी 'युगांत' टाइप करतं कोणी 'युगान्त', सॉफ्टवेअरला ही दोन वेगळी नावं वाटतात, त्यामुळे शोधताना दोन्ही पद्धतीनं टाकून बघायचंच. इनामदारांचं औरंगजेबावरचं 'शहेनशहा' शोधणाऱ्याला अमिताभचा 1988 चा 'शहंशाह' आधी दिसतो त्याचं कारण मात्र वेगळं, स्पेलिंग कुठलंही टाका, सर्च इंजिन जे जास्त लोक बघतात ते वर आणतं.

हे असं का होतं? मला वाटतं मुख्य कारण हे की नावं आपण सगळे एकाच कोठारातनं उचलतो. महाभारत, पुराणं, संतांच्या ओव्या-अभंग, इतिहासातल्या लढाया, शाळेत पाठ केलेल्या कविता. ज्ञानेश्वरांच्या अभंगातलं 'अवघाचि संसार' घेऊन 1960 ला सिनेमा झाला आणि नंतर त्याच नावाची झी मराठीवर मालिका झाली. बालकवींची 'फुलराणी' कविता, त्यावरनं पुलंच्या नाटकाचं नाव 'ती फुलराणी', मग त्या नावाची मालिका, मग 2023 ला 'फुलराणी' सिनेमा. पानिपत ही जागा आहे आणि घडून गेलेली घटना आहे, ते नाव विश्वास पाटलांच्या कादंबरीलाही लागतं आणि 2019 च्या हिंदी सिनेमालाही. दुसरं कारण एका शब्दाच्या नावाचा मोह. एक शब्द पोस्टरवर मोठा दिसतो, लक्षात राहतो, पण चांगले वजनदार शब्द मोजकेच असतात आणि ते आधीच्यांनी वापरून झालेले असतात. 'स्वामी' बघा, रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 1962 ची कादंबरी, त्यावर दूरदर्शनची मालिका ज्यात रवींद्र मंकणी आणि मृणाल देव होते, आणि दुसरीकडे बासू चॅटर्जींचा 1977 चा हिंदी 'स्वामी', तो शरच्चंद्रांच्या 'स्वामी'वरून. म्हणजे एका नावाखाली दोन घराणी, आणि प्रत्येक घराण्यात पुस्तक आणि पडदा दोन्ही.

नातं असतं तिथे पण सगळं सरळ नसतं, उलट तिथे जास्त जपून राहावं लागतं. 'श्यामची आई' सोपं आहे, साने गुरुजींचं 1935 चं पुस्तक, अत्र्यांचा 1953 चा सिनेमा ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि 2023 ला सुजय डहाकेनं परत केला. त्याच डहाकेनं मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर 'शाळा' केला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि अमोल पालेकरांचा सिनेमा, तेही सरळ. पण 'सिंहासन' घ्या. जब्बार पटेलांचा 1979 चा सिनेमा अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवरून घेतलाय, आणि नाव एकीचंच ठेवलंय. त्यामुळे सिनेमा बघून फक्त 'सिंहासन' वाचलं तर सिनेमातलं बरंच काही पुस्तकात सापडत नाही आणि लोकांना वाटतं सिनेमावाल्यांनी मनानं घातलं, तर तसं नाही, 'मुंबई दिनांक' पण वाचा, दोन्ही एकापाठोपाठ वाचायला जी मजा आहे ती काय सांगू. वर 1986 चा जितेंद्रचा 'सिंहासन' नावाचा हिंदी सिनेमा आहे, राजेरजवाड्यांचा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. 'पार्टनर'चं तर उलटंच झालं. वपुंच्या 'पार्टनर'वरचा मराठी सिनेमा 2012 ला आला तो 'श्री पार्टनर' नावानं, आणि नुसतं 'पार्टनर' म्हणून जो सिनेमा सापडतो तो सलमान-गोविंदाचा 2007 चा. म्हणजे जिथे नातं आहे तिथे नाव थोडं बदललंय आणि जिथे नाव तंतोतंत तेच आहे तिथे नातं नाही.

आणि काही ठिकाणी नातं आहे पण नावात काहीच दिसत नाही. 'उंबरठा' हा शांता निसळांच्या 'बेघर'वरून, आणि तोच सिनेमा हिंदीत 'सुबह'. 'अर्धसत्य'ची कथा श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य'ची, पण नाव आलं दिलीप चित्र्यांच्या कवितेवरून. 'कुंकू' हा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा, हिंदीत 'दुनिया न माने', आणि नुसतं 'कुंकू' शोधलं तर आताच्या पिढीला झी मराठीची मालिका मिळते. म्हणून मी म्हणते की नावावरून नातं ओळखायला जाऊ नका, श्रेयनामावली वाचा, पुस्तकाचं कॉपीराइटचं पान वाचा, तिथे सगळं लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

गाण्यांकडे येऊ, कारण तिथे तर कॅटलॉग करणाऱ्याची खरी कसोटी लागते. पुस्तकाला नाव असतं, आपल्या गाण्यांना वेगळं नाव नसतंच, पहिली ओळ हेच नाव. त्यामुळे ओळ सारखी आली की नाव सारखं. 'चलते चलते' म्हणून कोणी मागितलं तर ते काय असू शकतं बघा: 'पाकीज़ा'तलं लताबाईंचं गाणं, 1976 चा 'चलते चलते' सिनेमा, त्यातलं किशोरकुमारचं त्याच नावाचं गाणं, 'मोहब्बतें'तलं गाणं, आणि 2003 चा शाहरुख-राणीचा सिनेमा. सिनेमा आणि गाणं यांची नावं एकमेकांत अशी गुंतलेली असतात की नुसत्या नावानं शोधण्यात अर्थच नाही. 1976 च्या त्या गाण्यात 'कभी अलविदा ना कहना' ही ओळ आहे, ती घेऊन 2006 ला करण जोहरनं सिनेमा काढला. जुन्या गाण्याची ओळ उचलून सिनेमाचं नाव करायची ही हिंदीतली जुनी सवय, 'बचना ऐ हसीनों', 'दम मारो दम', 'ऐ दिल है मुश्किल', सगळी आधी गाणी आणि मग सिनेमे.

मराठीत मला जास्त जपावं लागतं ते 'गीतरामायण'ला. नाव एक, काम पण एकच, तरी मागणारा नक्की काय मागतोय ते विचारावंच लागतं. गदिमांच्या 56 गीतांचं पुस्तक हवंय, की 1955-56 ला पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी जी गीतं लागली ती हवीत, की बाबूजींच्या आवाजातलं पूर्ण गीतरामायण हवंय? रेडिओवरच्या मूळ मालिकेत वेगवेगळ्या गायकांनी गायलंय, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे आवाज आहेत, आणि नंतर सुधीर फडक्यांनी सगळं स्वतः गायलं आणि घरोघरी तेच पोचलं. बऱ्याच जणांना मूळ मालिकेत इतके गायक होते हेच माहीत नसतं, आणि एकदा ऐकवलं की मग त्यांच्यासाठी 'गीतरामायण' या नावाखाली दोन वेगळे ठेवे तयार होतात. 'कट्यार काळजात घुसली' पण तसंच. दारव्हेकरांचं नाटक 1967 चं, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव. सिनेमा 2015 चा, शंकर-एहसान-लॉय, राहुल देशपांडे, महेश काळे. सिनेमात नवी गाणी आहेत आणि नाटकातली जुनी पदं पण आहेत, म्हणून 'घेई छंद मकरंद' किंवा 'सुरत पिया की' शोधलं तर दोन्ही काळातली रेकॉर्डिंग एकाखाली एक येतात, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण वसंतरावांना ऐकतोय की त्यांच्या नातवाला. गाण्याच्या नोंदीत मी म्हणून गायक, संगीतकार, सिनेमा की नाटक की भावगीत, आणि वर्ष हे चारही लिहितेच, यातलं एक जरी राहिलं तरी ती नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगाची राहत नाही. घरी मोबाइलवर प्लेलिस्ट करणाऱ्यांनीही करून बघा, फार वेळ लागत नाही.

आता कायदा, कारण प्रश्न तिथून सुरू झालाय. मी वकील नाही, पण पुस्तकांशी संबंधित म्हणून हे निकाल वाचलेत. 2011 च्या 'देसी बॉइज' सिनेमावरून एका लेखकानं तक्रार केली होती की 'देसी बॉइज' या नावाचं कथाबीज मी आधी लिहून नोंदवलं होतं, माझं नाव चोरलं. सुप्रीम कोर्टानं 2015 ला सांगितलं की नुसतं शीर्षक हे कॉपीराइट कायद्याच्या अर्थानं 'कृती' ठरत नाही, कृती म्हणजे त्यामागचं लिखाण, आणि 'देसी' आणि 'बॉइज' हे दोन्ही लोकांच्या तोंडचे शब्द आहेत. त्याआधी 2007 ला दिल्ली हायकोर्टात 'निःशब्द'चा वाद झाला, एक बंगाली सिनेमा जो महोत्सवांत दाखवला गेला होता, आणि दुसरा राम गोपाल वर्मांचा अमिताभवाला. कोर्टानं सिनेमा थांबवला नाही, कारण पहिल्याच्या नावाला लोकांच्या मनात अशी ओळख झालीय की ते नाव घेताच तोच सिनेमा आठवतो, हे दाखवता आलं नाही, आणि कोर्टात यायलाही उशीर झाला होता.

पण याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा. ज्या नावाला अशी ओळख झालीय ते वापरलं तर मात्र अडचण येते, तिथे कॉपीराइट नाही, ट्रेडमार्कचा कायदा लागतो. 'शोले'च्या नावानं वेबसाइट आणि माल विकणाऱ्यांना दिल्ली हायकोर्टानं 2022 ला 25 लाख रुपये भरायला लावले. पुस्तकांच्या बाबतीत मालिकेचं नाव, म्हणजे ज्या नावानं एकामागून एक पुस्तकं निघतात, ते असं जास्त सहज जपलं जातं, एकट्या पुस्तकाचं नाव तितकं नाही.

सिनेमावाल्यांचं वेगळंच चालतं. त्यांच्या संघटना आहेत, मुंबईत इम्पा वगैरे, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, तिथे नाव नोंदवायचं आणि सभासदांनी आपसात ते पाळायचं. तो त्यांचा अंतर्गत नियम आहे, तो कादंबरीकाराला बांधत नाही. अमेरिकेतही असंच आहे, 2013 ला 'द बटलर' नावाचा सिनेमा येणार होता तर दुसऱ्या कंपनीनं 1916 च्या एका मूक लघुपटाच्या नावावर हक्क सांगितला आणि शेवटी दिग्दर्शकाचं नाव पुढे जोडून 'ली डॅनियल्स द बटलर' करावं लागलं.

आणि एक जागा अशी आहे जिथे नाव खरंच कायद्यानं राखलेलं असतं, ती म्हणजे वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं. तिथे शीर्षक आधी पडताळून घ्यावं लागतं, त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात सारखं नाव आधी असेल तर मिळत नाही. हे 1867 च्या कायद्यापासून चालत आलं आणि आता 2023 च्या नव्या कायद्यात पण आहे. उद्या तुम्ही मित्रांबरोबर मासिक किंवा दिवाळी अंक काढायचं ठरवलंत तर ही पायरी विसरू नका. पण पुस्तक, सिनेमा यांना ते लागू नाही, म्हणून जब्बार पटेलांचा 'सामना' आधीच होता तरी 1988 ला 'सामना' दैनिक निघू शकलं, आणि शांतारामबापूंचा 1939 चा 'माणूस' असताना माजगावकरांचं 'माणूस' साप्ताहिक निघालं.

लोक आयएसबीएनबद्दल पण विचारतात, की नंबर मिळाला म्हणजे नाव आपलं झालं का. नाही. आयएसबीएन हा त्या पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा 13 आकडी नंबर, भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. एकाच नावाच्या दहा पुस्तकांना दहा वेगळे नंबर असतात, आणि आमच्यासारख्यांना ती वेगळी ओळखायला तो फार उपयोगी पडतो, पण त्यानं नावाची मालकी येत नाही.

आता तुमच्या 'रणांगण'बद्दल. माझा हिशोब असा आहे की प्रकार वेगळा असेल तर सारखं नाव चालून जातं. कादंबरीनंतर नाटक, नाटकानंतर सिनेमा, लोक शोधताना 'पुस्तक' किंवा 'फिल्म' एवढं जोडतात आणि वाट सापडते. भाषा वेगळी असेल तरी चालतं, दोन्ही 'मृत्युंजय' त्यामुळेच टिकल्या. पण भाषा तीच, प्रकार तोच, आणि आधीचं पुस्तक अभिजात, असं तिन्ही जुळून आलं तर नवीन लेखकाचं नुकसान नक्की. 'रणांगण कादंबरी' असं कोणीही कुठेही टाकलं की बेडेकर येणार, तुमचं पुस्तक त्यांच्याखाली कायम दबलेलं राहणार, वाचनालयात तुमचं मागितलं तरी त्यांचं दिलं जाणार, परीक्षणं एकात एक मिसळणार. तुम्ही इतकी मेहनत करून लिहिलंय तर ते मागणाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे, मला खरंच तसं वाटतं, कारण काउंटरवर चुकीचं पुस्तक घेऊन जाणारे वाचक मी रोज बघते.

नाव बदलायचं नसेलच तर निदान त्याला जोड द्या, दोन-तीन शब्दांचं करा, जागेचं नाव घाला. तुमची कादंबरी कशावर आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोपरखैरणे-घणसोली भागातली असेल, एमआयडीसी, खाडी, प्रकल्पग्रस्तांची जमीन असं काही असेल, तर त्यातलाच एखादा शब्द नावात आणा, तो आधी कोणी वापरलेला असण्याची शक्यता फार कमी. हस्तलिखितातच शोधा, पात्रांच्या तोंडी आलेल्या एखाद्या वाक्यात चांगलं नाव दडलेलं असतं. मग ते नाव मराठीत दोन्ही-तिन्ही स्पेलिंगनं, आणि इंग्रजी अक्षरांत पण टाकून शोधा, पुढे 'कादंबरी', 'नाटक', 'चित्रपट', 'मालिका', 'गाणं' एकेक जोडून बघा. मोठ्या वाचनालयाच्या तालिकेत बघा, ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, जुन्या मराठी पुस्तकांसाठी तिथे विचारण्यासारखं दुसरं ठिकाण आपल्या भागात नाही, कारण इंटरनेटवर न सापडणारी कितीतरी पुस्तकं अशा ठिकाणी कपाटात असतात.

आणि बेडेकरांचं 'रणांगण' वाचलं नसेल तर नाव बदला की ठेवा, आधी ते वाचा. प्रकाशकाला पाठवताना नावापुढे 'संकल्पित शीर्षक' असं लिहा, म्हणजे चर्चेला जागा राहते, बरेच संपादक नाव सुचवतात आणि चांगलं सुचवतात. फक्त आयएसबीएनचा अर्ज जायच्या आत नाव पक्कं करून घ्या, कारण त्या अर्जावर शीर्षक असतं, आणि मुखपृष्ठावर एक नाव आणि नोंदीत दुसरं असं झालं की ते पुस्तक आमच्यासारख्या कॅटलॉगवाल्यांना दोन पुस्तकं म्हणून दिसायला लागतं.